कोबी कडू लागतो

थोरल्या जान्हवीचं लग्न होऊन ती नाहूरला गेली, त्या वर्षीची गोष्ट. श्रावणातला रविवार होता. मुलुंडच्या घरात चौघं जेवायला बसली होती.

भाजी कोबीची होती, चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घातलेली. सहदेवने दोनदा वाढून घेतली. त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, चमचाभर घेतली होती. ती तिने पाण्याबरोबर गिळली, गोळी गिळतात तशी.

"सव्वीस वर्षं झाली," सासू जयंतीबाई म्हणाल्या, "अजून हिची नाटकं संपली नाहीत. कोबी म्हणे कडू! कारलं म्हणाली असती तर समजलं असतं."

सुलक्षणा भात कालवू लागली.

"आता पोरगीपण तेच शिकली. सकाळी तिच्या सासूचा फोन होता, पद्मजाबाईंचा. जान्हवीने तिकडे कोबी बाजूला काढला. विचारलं तर म्हणते, कडू लागतो. मी सांगितलं त्यांना, मनावर घेऊ नका, आईवर गेलीय. आईपण अशीच खोटारडी."

सुलक्षणाने उचललेला घास ताटात ठेवला.

"आई, मला म्हणालात ते चाललं. माझ्या पोरीला तिच्या सासरी खोटारडी म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"जाऊ दे ना," सहदेव म्हणाला. सव्वीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

धाकटी निधी उष्ट्या हाताने उठली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. आईच्या कोबीला तीही लहानपणापासून आजीबरोबर हसत आली होती. तिने हात धुतले आणि बॅगेतून एक पाकीट आणलं. आत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या.

"परवा प्रॅक्टिकलला दिल्या होत्या. जिभेवर ठेवायच्या. अर्धा वर्ग थू थू करत होता, आणि मला नुसता कागद लागला. मॅडम म्हणाल्या, हे जन्मापासूनच असतं. ज्याला ही पट्टी कडू लागते, त्याला पुष्कळदा कोबीही कडू लागतो." ती आईकडे वळली. "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी. घे, जिभेवर ठेव."

जयंतीबाईंनी पाकीट काढून घेतलं.

"थांब. कडू आहे असं सांगून दिलीस तर ही कडूच म्हणणार. मला खुळी समजलीस काय गो?"

साठ वर्षं मासळी घेताना कोळणीच्या शब्दावर न जाता स्वतः कल्ले उचलून बघणारी बाई ती. त्यांनी उठून हात धुतले. वर्तमानपत्राची कोरी कड फाडली, तिचे पट्टीएवढे दोन तुकडे केले आणि सुनेला म्हणाल्या, "चूळ भर. तोंड भिंतीकडे कर. डोळे मीट. आणि तुम्ही दोघं, एक शब्द नको."

पहिला तुकडा त्यांनी सुलक्षणाच्या जिभेवर ठेवला.

"नुसता कागद," सुलक्षणा म्हणाली.

दुसरा ठेवला.

"हाही कागदच."

मग त्यांनी पाकिटातली पट्टी घेऊन मधोमध फाडली. अर्धी सुनेच्या जिभेवर ठेवली. सुलक्षणा तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. थुंकली, चुळा भरल्या, पुन्हा थुंकली.

उरलेली अर्धी पट्टी जयंतीबाईंनी स्वतःच्या तोंडात टाकली. चघळली. चघळतच राहिल्या.

"माका कायच लागना नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"लागणारच नाही, आजी. प्रत्येकाला या चवीचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बाबांकडून. दोन्हींतला एक जरी कडूचा असला तरी कडू लागतं. तुझे दोन्ही मुके, कडू न सांगणारे. बाबा कोबी दोनदा वाढून घेतात, म्हणजे त्यांचेपण मुकेच असणार. आईकडे एक कडूचा आणि एक मुका. ताईला तिचा कडूचा वाटा मिळाला, मला मुका. ताईला हे कुणी शिकवलं नाही गं."

जयंतीबाईंनी तोंडातला कागद काढून ताटाच्या कडेला ठेवला. सहदेवने मान खाली घातली होती.

"म्हणजे सव्वीस वर्षं हिला खरंच कडू लागत होतं? आणि ही खात होती?"

"आठवड्यातून दोनदा," मोरीच्या दारातून सुलक्षणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "आणि पाहुणे आले की तिसऱ्यांदा."

निधी खो खो हसली. जयंतीबाई हसल्या नाहीत.

"फोन लाव नाहूरला. मोठ्याने लाव, हिला ऐकू दे."

निधीने लावला.

"पद्मजाबाई, सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले. जान्हवीला कोबी कडू लागतो. तिच्या आईलाही लागतो. मी आत्ता स्वतः बघून घेतलं."

"अहो, एवढं काय त्यात?" पलीकडून पद्मजाबाई हसत म्हणाल्या. "भाजीचं तर आहे."

"भाजीचं नाही. माझी सून खरं बोलते. तिची पोरगीपण खरं बोलते. हे मी जिवंत आहे तोवर माझ्या तोंडून ऐकून ठेवा."

सुलक्षणाने चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि ती पुन्हा पानावर येऊन बसली. तिने आणखी भात घेतला, वर आमटी घेतली आणि पाठ ताठ ठेवून सावकाश, पोटभर जेवली.

जयंतीबाई पुढच्या शिमग्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या. तोवर सुनेच्या ताटात त्यांनी पुन्हा कोबी वाढू दिला नाही.