येते

“सोमवारपासून शिकवायला याल का?” बालवाडीच्या आगाशेबाईंनी विचारलं.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवऱ्याशी बोलूनच काय ते कळवू, असं मनाशी ठरवून कुमुद उठली आणि सवयीने म्हणाली, “येते हं.”

चपलेत पाय घालते तोच आतून बाईंचा फोनवरचा आवाज आला, “जागा भरली हो. आत्ताच एक बाई येते म्हणाल्या.”

कुमुदने चपलेतून पाय परत काढला. ती तशीच आत गेली. “बाई, मी निरोप घेत होते. निघताना ‘जाते’ कसं म्हणणार?”

“मी ‘याल का’ विचारलं, तुम्ही ‘येते’ म्हणालात. त्या भरवशावर दुसरीला नाही सांगून बसले. आता शब्द फिरवू नका.”

सासूबाईंच्या औषधाची वेळ टळत होती. कुमुद दारापर्यंत गेली, निरोपासाठी वळली आणि उंबऱ्यातच थबकली. काय म्हणून निघावं, तेच तिला सुचेना.