आठव्या टेबलाचा तास

"एवढा आकडा समोर दिसत असताना अभ्यास कसला करायचाय, मॅडम?" मॅनेजरने काचेतून फळ्याकडे बोट दाखवलं.

केबिनमधून तपासणीचा सगळा हॉल दिसत होता. आठ टेबलं, आठ बायका. विणलेलं स्वेटर टेबलावर यायचं, बाई ते उलटसुलट करून बघायची, कुठे टाका गळला असेल तर तिथल्या तिथे सुईने उचलायची आणि स्वेटर पेटीत टाकायची. कोणी काल किती स्वेटरं पास केली, ते फळ्यावर लिहिलेलं होतं. सात टेबलांपुढे नव्वदच्या वर. आठव्यापुढे एकेचाळीस.

महिनाअखेरीला एक टेबल कमी करायचं ठरलं होतं. वरच्या ऑफिसला त्यासाठी बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा होता, म्हणून संशोधक बाईंना बोलावलं होतं. त्यांनी घरी बसून बारा पानी आराखडा केला होता. सहा आठवडे, रोज, टेबलागणिक स्वेटरं मोजायची. आराखडा देखणा होता, आणि त्याचं उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं.

पण बाईंची एक खोड होती. आराखडा पक्का करण्याआधी त्या एक अख्खा दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून नुसत्या बसायच्या. काल बसल्या होत्या. त्यांनी वही उघडून मॅनेजरपुढे सरकवली. पानभर रेघा होत्या.

"काल त्रेसष्ट वेळा कोणी ना कोणी उठून आठव्या टेबलाशी गेलं. हातात स्वेटर घेऊन."

"गप्पा हाणायला जातात!" मॅनेजर हसला. "स्वेटर आपलं दाखवायला. तिथल्या मावशी स्वतः काम करत नाहीत आणि दुसऱ्यांना करू देत नाहीत. मी तरी दुसरं काय सांगतोय?"

"असेलही." बाई जराही चिडल्या नाहीत. असा विरोध समोर आला की त्यांना उलट हुरूपच यायचा. "मग बघून टाकू. मावशींना एक तास इथे बसवा. तुमचं खरं असेल तर बाकीच्यांचं काम वाढेल. माझं खरं असेल तर अडेल."

"एकच तास? आणि तुमचे सहा आठवडे?"

"सहा आठवडे काय मोजायचं, ते आधी कळू दे."

मावशी आल्या त्या पिशवी घेऊनच. चष्मा डब्यात घालून झाला होता. "टेबल आवरून आलेय साहेब," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची समोर असूनही उभ्याच राहिल्या.

बाईंना फार अपराधी वाटलं. निरोप पाठवताना कारण सांगायला हवं होतं, एवढं साधं सुचलं नव्हतं. त्यांनी उठून मावशींना हाताला धरून बसवलं. "तुम्हाला कोणी काढलेलं नाही. तुम्ही नसलात तर काय होतं, ते तासभर बघायचंय. चालेल ना तुम्हाला?"

"माझ्यावाचून कोणाचं अडतंय?" मावशी म्हणाल्या. चहा मात्र घेतला.

पहिली वीस मिनिटं खरोखरच कोणाचं काही अडलं नाही. हात भराभर चालत होते, पेट्या भरत होत्या. मॅनेजरने पेट्या मोजल्या आणि बाईंकडे असं काही पाहिलं की दुसरी एखादी वरमली असती. बाईंनी शांतपणे वेळ टिपली.

मग दोन नंबरची उठली. आठव्या टेबलाशी गेली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, हातातलं स्वेटर तिथे ठेवून परत आली. पाच नंबरचीने दोन ठेवली. चाळिसाव्या मिनिटाला त्या टेबलावर ढीग झाला होता आणि वरची स्वेटरं घरंगळून खाली पडायला लागली होती. सातजणींपैकी तिघी एकाच स्वेटरावर वाकून एकमेकींना सल्ले देत होत्या. पेट्यांकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"ती सगळी अशीच..." मॅनेजरने विचारलं. "रोज?"

"मोठं भोक पडलेलं असलं की माझ्याकडे टाकतात," मावशी म्हणाल्या. "त्यांचा वेळ जातो त्यात. आकडा भरायचा असतो ना पोरींना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"कोणी विचारलंच नाही."

बाईंनी आराखड्याचं दुसरं पान काढलं. 'दररोज पास झालेल्या स्वेटरांची संख्या' या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, हे त्यांना जरा लागलंच.

मावशींची चुळबुळ सुरू झाली होती. त्यांचा चष्मा केव्हाच डोळ्यांवर आला होता. "अहो, दोन नंबरवालीने चुकीचं टोक धरलंय. गळा उसवेल सगळा. जाऊ का मी?"

"अजून सात मिनिटं आहेत," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "तास पुरा होऊ द्या."

"राहू द्या हो तुमचा तास!" मॅनेजर खुर्चीवरून उठला आणि त्याने स्वतः दार उघडून धरलं. "जा मावशी, जा लवकर."

मावशी हॉलमध्ये पोचल्या. पिशवी खुंटीला अडकवून त्यांनी ढिगातलं वरचं स्वेटर ओढून घेतलं. तोवर सातही जणी हातात एकेक स्वेटर घेऊन उठल्या होत्या. मागे फळ्यावर आठव्या टेबलापुढे अजून एकेचाळीसच लिहिलेलं होतं.