पालखीचा नकाशा

नकाशाची छापायची फाईल तयार झाली, पण पडद्यावर नुसता निळा रंग होता.

“घरं कुठायत गं?” सगुणाकाकूंनी विचारलं.

“काकू, नेटवरचा नकाशा आता रोज स्वतःला सुधारतो. समुद्राखाली गेलेलं पुसून टाकतो,” छपाईच्या दुकानातली मृण्मयी म्हणाली. “गेल्या वर्षीचा कागद आणा, त्यावरून काढते.”

काकूंकडे तो कागद नव्हता. गाव बुडाल्यापासून दर शिमग्याला टेकडीवरच्या वसाहतीत गावाचा अंगणभर मोठा नकाशा अंथरून त्यावरच्या घरोघर पालखी नेत. देवाचे पाय लागलेला कागद घरात ठेवायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो समुद्रात सोडत.

“एक तरी ठेवायचात.”

“तू होतीस ना छापून द्यायला,” काकू म्हणाल्या. “आता निळाच छाप. पालखी दारी आल्याशिवाय कशी राहील?”

संध्याकाळी ढोल वाजला. पालखीवाले निळ्या कागदाच्या काठाशी थांबले.

“इथं आमचं घर,” काकूंनी बोट ठेवलं.

“छे, तिथं विहीर होती,” शेजारचे दत्ताराम म्हणाले. “तुमचं घर वर, वडाकडे.”

“माझं घर मला सांगतोस?”

काकूंनी बोट जरा वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. मग त्यांनी हात मागे घेतला. पालखी खांद्यांवरच राहिली.