भरतीची रेघ

"गावाचं भविष्य दूरदृष्टीची माणसंच घडवतात!" माजी सरपंच भिकाजी तारी किनाऱ्यावरच्या ग्रामसभेत गरजले, आणि वाऱ्यानं त्यांच्या हातातला आराखडा उडवून सुकटीच्या टोपलीत टाकला.

तो आणायला कुणी उठलं नाही. सगळे मासळी विकणाऱ्या सुलोचना कुबलभोवती वाकले होते. वाळूत गाव काढून, पन्नास वर्षांनी भरती कुठवर येईल, ती रेघ तिनं ओढली होती. माणसं आपापल्या घराच्या जागी ठेवलेला शिंपला रेघेवरून टेकडीकडे सरकवत होती.

भिकाजींच्या पोटात जे दुखू लागलं, त्यावर ओव्याचा उपयोग नव्हता. वीस वर्षांत त्यांच्या आराखड्यापुढे कुणी वाकलं नव्हतं.

"शिंपल्यांनी गाव वसता काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ता रवांदे. समुद्रात आता आमचाच घर रवला."

भिकाजी घसा खाकरून गर्दीत शिरले.

"वयनी, आमचा घर वायच वर घे गो."