आत्याचं मौन

"बघ," म्हणत आत्यानं फोन भाचीच्या हातात ठेवला. "काल सकाळी भरला होता. आज सकाळी ब्याण्णव टक्के! एरवी दुपारीच मान टाकायचा."

फोन जुना, कोपऱ्यात तडा गेलेला. भाचीनं आणि तिच्या टीमनं बनवलेला प्रोग्राम आठवडाभर त्यात चालू होता. माणसाच्या सवयी शिकायच्या, लागतं तेवढंच जागं ठेवायचं, बाकीचं झोपवायचं आणि बॅटरी वाचवायची, हे त्याचं काम. साहेबांनी बजावलं होतं, "नव्या फोनवर काहीही टिकतं. जुन्या फोनवर अख्खा दिवस काढून दाखवा, नाहीतर गुंडाळा." उद्याच दाखवायचं होतं. भाचीनं मुद्दाम आत्याचा फोन निवडला होता, कारण जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी गोतावळ्यात आत्या एकच.

ब्याण्णव बघून भाचीला आधी आनंद झाला, मग शंका आली. तिनं केलेले कॉल पाहिले. आठवडाभरात एकही नव्हता.

"आत्या, कुणाला फोनच केला नाहीस?"

"एकालाही नाही!" आत्याची मान ताठ झाली. "धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलं, तरी गप्प बसले. पोट फुगलं माझं. पण म्हटलं, आपल्या पोरीचं नाव व्हायला हवं."

"फोनची बॅटरी वाचली, माझी उतरली," आतून काका म्हणाले. "सगळं मलाच ऐकावं लागलं."

भाची मटकन खुर्चीत बसली. "अगं, तू बोलतेस म्हणून तर तुझा फोन घेतला! तू गप्प बसलीस, प्रोग्रामला वाटलं, या बाईला काहीच लागत नाही. सगळंच झोपवून टाकलं त्यानं. हे ब्याण्णव खोटे आहेत."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

आत्याचा चेहरा पडला. भाचीला रागावताही येईना. आत्या रुसली का, आजारी आहे का, म्हणून बाबांना नातेवाइकांचे फोन येत होते, त्याचा आता उलगडा झाला. ही बाई तिच्यासाठी ओठ शिवून बसली होती. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या म्हणालीस ना?" आत्या एकदम उठली. "मग आजचा दिवस आहे की!" तिनं फोन पुन्हा पूर्ण भरला आणि चार्जर काकांच्या हातात दिला. "हा लपवा. मी मागितला तरी देऊ नका."

भाची चपला घालते तोवर पहिला फोन लागलाही होता. "धाकटे? रुसले नव्हते गं! ऐक, आपल्या पोरीनं काय केलंय..."

संध्याकाळी भाची ऑफिसातून थेट तिथंच आली. दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. तिला बघून आत्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. घसा पार बसला होता.

"गोतावळा संपला," काका म्हणाले. "एक चुकीचा नंबर लागला, तर त्यालाही सगळं सांगितलं. हिला पुरून उरणारं काही मी पहिल्यांदाच पाहिलं!"

भाचीनं फोन हातात घेतला. अकरा टक्के. या बाईला बोलण्याखेरीज काही लागत नाही, हे प्रोग्रामला दुपारपर्यंत उमगलं होतं. बातम्या, खेळ, नकाशे झोपवून त्यानं सगळी ताकद बोलण्यासाठी राखली होती. अकराच, पण खरे. तिचा ऊर अभिमानानं भरून आला. आपल्या कामाचा अभिमान, आणि आत्याचाही.

तेवढ्यात फोन वाजला. आत्यानं सवयीनं तो ओढून कानाला लावला, गळ्याकडे बोट दाखवलं आणि भाचीला परत दिला. "तू सांग," ती कशीबशी पुटपुटली.

पलीकडे अनोळखी माणूस होता. "सकाळी तुमचा चुकून फोन लागला होता, बाई. राहवलं नाही म्हणून विचारतो. टिकली का हो बॅटरी?"

"टिकली," भाची म्हणाली. "मी त्यांचीच भाची बोलतेय."