दोन बोटांची कॉर्ड
निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात रायभानच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि शेळ्यांमागं फिरताना वाजवायचा पावा सुटला. पुढं तो पूर्णा जंक्शनवर गार्डसाहेबांच्या घरी दूध घालू लागला. साहेबांची बायको रोझीबाई मूळच्या गोव्याच्या. त्यांनी तो हात पाहिला आणि आपलं गिटारसारखं, चार तारांचं छोटं उकुलेले त्याच्या हाती दिलं. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर; एका बोटाची कॉर्ड तो लवकर शिकला. आज बाईंनी दुसरं बोट वरच्या तारेवर ठेवायला लावलं. त्यानं तारा छेडल्या, तर आवाज अधांतरी लटकला. रायभाननं हात काढून घेतला. “चुकलं, बाई. ह्या हातानं न्हाई व्हायचं.” “चुकलं नाही, रायभान. ही ऑगमेंटेड कॉर्ड. हिच्यात पंचम आपली जागा सोडून अर्धा सूर वर चढतो आणि पुढच्या सुराची वाट बघतो. धडधाकट हातालाही हिच्यासाठी दोनच बोटं लागतात. आता थांबू नको, पुढची कॉर्ड धर.” त्यानं परत तारा दाबल्या. तोच अधांतरी आवाज आला, पण ह्या वेळी तो घाबरला नाही. बोटं सरकवून त्यानं पुढची कॉर्ड धरली आणि सूर अलगद ठिकाणावर आला. रायभानचे डोळे भरून आले. “बाई, आजवर समद्यांनी माझी गेलेली बोटं मोजली,” तो म्हणाला. “उरलेली तुमी मोजली.” रोझीबाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, “परत वाजव.”