पेडलचं काय ते बोला

“पेडलचं सोडून बोला,” नूरमोहम्मद म्हणाला आणि हातातला पाना त्याने टेबलावर आपटला.

विजयश्री हलली नाही. काळेवाडीतल्या त्याच्या गिटारींच्या चिंचोळ्या वर्कशॉपमध्ये ती आज चौथ्यांदा आली होती आणि चौथ्यांदा घोडं इथेच अडलं होतं. बाकी सगळं मजेत ठरलं होतं. तीन फळ्या ठोकून, कान लावून तिने शिसवाची निवडली. तारा दहा. ती बुटकी म्हणून गिटारीचे पाय दोन इंच कमी. ही गिटार कुणी छातीशी धरत नाही. ती टेबलासारखी पुढ्यात आडवी असते. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. विजयश्रीच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. म्हणून नूरमोहम्मदने कांडीला तळहातावर बसणारा चामड्याचा पट्टा शिवला, तीनदा उसवला आणि तीनदा शिवला. कामात कसूर करणारा माणूस नव्हता तो. पण पायाखाली पेडल म्हटलं की त्याचं डोकं सटकायचं.

आणि तिचं तर पेडलवाचून चालणार नव्हतं. परळीला शिकली तेव्हा ती कांडी तिरकी धरून सूर बदलायची. त्याला बोटं लागतात. पेडल असलं तर पायाने दाबलं की हवी ती तार ताणली जाते, हात सरळ राहिला तरी भागतं. निगडीच्या ऑर्केस्ट्राने तिची जागा दिवाळीपर्यंत राखली होती. त्यानंतर तिथे एक कीबोर्डवाला बसणार होता, आणि एकदा तो बसला की हिला कोण विचारतंय.

नूरमोहम्मद गुडघ्याने ढकलायच्या लिव्हर द्यायला तयार होता. दोन काय, चार. ती म्हणाली, चार घेऊन काय करू, गुडघे दोनच आहेत. तो म्हणाला, मग साधी घ्या, पुण्यात ढिगाने मिळतात. ती म्हणाली, ढिगातली वाजवता आली असती तर इथवर कशाला आले असते. तो म्हणाला, हे काम मी तुमच्या वडिलांकडे शिकलेलो नाही. हे जरा जास्तच झालं.

“हात माझा गेलाय चाचा,” ती म्हणाली, “आन् चिडायलात तुमी?”

भोसरीपासून चाकणपर्यंत, कारखान्यांच्या भागात, बोटं नसलेला हात दिसला तर कुणी कारण विचारत नाही. सगळ्यांना ते ठाऊक असतं. नूरमोहम्मदनेही चार भेटींत विचारलं नव्हतं. कोणती कंपनी, कोणती शिफ्ट, काही नाही. न विचारण्यात त्याची सोय होती.

आता मात्र त्याने रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. चाकणच्या एका कंपनीत तो एकवीस वर्षं मेंटेनन्सला होता. तिथल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे हात सुखरूप. पण माल कमी निघायचा. साहेबांनी विचारलं, बटणं काढून पायाला पेडल देता येईल का, हात पत्रा लावायला मोकळे राहतील. हा म्हणाला, का नाही येणार. एका दुपारीत बसवून दिलं. माल दीडपट झाला. कामात सुधारणा करणाऱ्यांचे फोटो ज्या बोर्डावर लावतात तिथे याचा फोटो लागला, गळ्यात हार घातलेला. सात महिन्यांनी एका बाईचा पाय पेडलवर आधी पडला आणि हात प्रेसखालीच राहिला. कागदावर कारण आलं, कामगाराचा हलगर्जीपणा. साहेब बढती घेऊन वर चढले. नूरमोहम्मदने नोकरी सोडली, पण त्या बाईला बघायला हॉस्पिटलात काही तो गेला नाही, तिचं नावही त्याने कुणाला विचारलं नाही.

“माझ्या हातून एकदा पेडल बसलंय, ताई. पुन्हा बसणार नाही,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. एवढी कबुली दिल्यावर समोरचं माणूस विरघळेल, अशी त्याला आशा असावी.

विजयश्री विरघळली नाही. तिने कांडीच्या पट्ट्यातून डावा हात काढला आणि शिसवाच्या फळीवर, त्याच्या डोळ्यांसमोर ठेवला.

“मशीनवर हुबं राह्यलं की समोरच दिसायचा तुमचा फोटू,” ती म्हणाली. “नाव वाचूनच हुडकत आले. शिव्या घालायला आल्ते पहिल्या दिवशी. मग हितं गिटारी बघितल्या.”

नूरमोहम्मद त्या हाताकडे बघत राहिला. चार भेटींत त्याने त्या हाताचं माप किती वेळा घेतलं होतं. मग तर मुळीच नाही, असं तो पुटपुटला. लाकूड घेऊन जा, तारा घेऊन जा, पट्टा तुमचाच आहे, पण हे माझ्याकडून होणार नाही. तुम्हाला पेडल बसवून द्यायचं म्हणजे मी कसा माणूस, असं काहीबाही तो बोलत होता. डोळ्यांत पाणीही आलं होतं.

त्या पाण्याचाच तिला जास्त राग आला.

“न्हाई तवा म्हणायचं होतं, त्या सायबाला,” ती म्हणाली. “मला काय म्हणायलात? बसवा.”